पहिला रुग्ण मुलकी दवाखान्यातच येणार

जैविक हल्ला म्हटले की सामान्य वाचकाच्या मनःचक्षूंपुढे जे चित्र उभे राहते, त्यात मुखवटे चढविलेले सैनिक, काटेरी तारांची कुंपणे आणि कोठेतरी जमिनीखाली दडविलेली प्रयोगशाळा यांचाच भरणा असतो. आणि त्यामुळे हा सारा विषय संरक्षण खात्याच्या अखत्यारीतला आहे, आपला किंवा आपल्या तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा त्याच्याशी दुरूनही संबंध नाही, अशी सोयिस्कर समजूत सुशिक्षितांतही दृढ झालेली आढळते. वस्तुस्थिती या समजुतीच्या नेमकी उलट आहे. बाँबचा आवाज होतो, विषारी वायूने माणसे जागच्या जागी कोसळतात. रोगजंतू मात्र शरीरात शिरल्यावर आपल्या प्रकृतिधर्मानुसार काही दिवस मुकाट्याने वाढत राहतो, आणि त्याचा उपद्रव सुरू होतो तेव्हा बाधित मनुष्य छावणीच्या फाटकाशी जाऊन उभा राहत नाही. तो आपल्या गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो, ताप आणि अंगदुखी सांगतो, गोळ्या घेऊन घरी परततो, आणि दोन दिवसांनी नातेवाईक त्याला रिक्षात घालून सरकारी इस्पितळात आणतात. हल्ला झाला आहे हे ज्याला प्रथम कळावयाचे, किंवा कळावयाचे राहून जावयाचे, तो मनुष्य म्हणजे रात्रपाळीचा एखादा निवासी डॉक्टर होय.

या साध्या गोष्टीतून एक मोठा निष्कर्ष निघतो. लष्करी वैद्यक आणि मुलकी वैद्यक यांच्या पूर्वतयारीचा मेळ कसा घालावा हा प्रश्न निघाला म्हणजे चर्चा बहुधा हुकमतीभोवती फिरू लागते: आणीबाणीच्या प्रसंगी सूत्रे कोणाच्या हाती असावीत, कोणी कोणाचा हुकूम मानावा, कोणत्या खात्याने कोणाला कुमक धाडावी. प्रस्तुत लेखकाच्या मते हुकमतीचा प्रश्न फारसा अवघड नाही. सूत्रे मुलकी आरोग्याधिकाऱ्याच्याच हाती राहिली पाहिजेत, आणि त्याची कारणे पुढे येतील. अवघड प्रश्न आहे तो माहितीचा. लष्कराला जे ठाऊक असते ते, ज्या डॉक्टरापुढे रुग्ण येऊन बसला आहे त्याला केव्हा कळणार, आणि त्या डॉक्टराला आलेली शंका लष्कराच्या प्रयोगशाळेपर्यंत किती तासांत जाऊन पोहोचणार, यावर किती माणसे जगतील आणि किती मरतील हे ठरते. तंबू, ट्रक आणि संरक्षक पोशाख यांचा विचार त्यानंतरचा.

या बाबतीतला एक दाखला पुणेकरांना काहीसा ओळखीचा वाटावा असा आहे. कोरेगाव पार्कातील आश्रम मागे टाकून १९८१ साली अमेरिकेस गेलेल्या रजनीशांच्या अनुयायांनी ऑरेगॉन संस्थानात आपली वसाहत वसविली. आणि १९८४ च्या शरदात, स्थानिक निवडणुकीच्या दिवशी विरोधी मतदारांनी अंथरुणात पडून राहावे एवढ्या हेतूने, त्यांच्यातील एका टोळक्याने द डॅलस या लहानशा गावातील दहा उपाहारगृहांच्या खाद्यपदार्थांत साल्मोनेला जंतू मिसळले. ७५१ माणसे आजारी पडली. मृत्यू सुदैवाने कोणाचाही झाला नाही. आरोग्य खात्याने चौकशी केली, ती कसोशीने केली, आणि उपाहारगृहांतील नोकरांच्या अस्वच्छ हातांवर ठपका ठेवला. पुढे वर्षभराने खुद्द रजनीशांनीच आपल्या माजी सचिव शीला यांच्यावर जाहीर आरोप केले आणि वसाहतीच्या झडतीत त्याच वाणाचा जंतू सापडला, तेव्हा कोठे हा उपद्रव हेतुपुरस्सर केलेला होता हे सिद्ध झाले. त्या अधिकाऱ्यांना दोष देण्यात हशील नाही. हगवण ही हगवणीसारखीच दिसते, मग तिचे मूळ गलिच्छ हातांत असो की दुष्ट मनांत. वेगळी शंका घेण्यासाठी जी माहिती लागते ती मुलकी आरोग्य खात्याजवळ सहसा नसते. ती पोलीस, गुप्तवार्ता खाते आणि संरक्षण दलांचे जंतुशास्त्रज्ञ यांच्या दप्तरांत विखुरलेली असते, आणि या दप्तरांची एकमेकांशी गाठ घालून देणारा कोणी मध्यस्थ नेमलेला नसतो.

अशी गाठ घालण्याची व्यवस्था अमेरिकेने पुढे केली. तेथील रोगनियंत्रण केंद्राने १९९९ साली मुलकी व लष्करी प्रयोगशाळांचे एक जाळे विणले, आणि ऑक्टोबर २००१ मध्ये, टपालातून अँथ्रॅक्सची भुकटी धाडण्याचा प्रकार घडला तेव्हा, त्या जाळ्याचा उपयोगही झाला. फ्लोरिडातील डॉ. लॅरी बुश या मुलकी वैद्याला आपल्या रुग्णाच्या मेंदूजलाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहताच संशय आला, आणि दोनच दिवसांत सरकारी प्रयोगशाळेने निदानावर शिक्कामोर्तब केले. रुग्ण दगावला, परंतु देश सावध झाला. इतके सारे असूनही पुढच्याच पावलाला ठेच लागली. १५ ऑक्टोबरला सेनेटर डॅशल यांच्या कचेरीत जे पाकीट फुटले त्यातील भुकटी फोर्ट डेट्रिक येथील लष्करी प्रयोगशाळेत गेली, आणि ती किती सूक्ष्म आहे, हवेत किती सहज तरंगते, हे तेथील शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले. कॅनडाच्या लष्करी संशोधकांनी तर पाकिटातील भुकटीचा धोका कल्पनेपेक्षा पुष्कळ मोठा असतो हे त्याच वर्षी प्रयोगान्ती नोंदवून ठेवले होते. परंतु हे ज्ञान मुलकी निर्णयकर्त्यांच्या हाती वेळेवर आणि त्यांना समजेल अशा भाषेत पडले नाही. कॅपिटॉलमधील नोकरवर्गाला त्याच दिवशी औषधे वाटण्यात आली, आणि बंद पाकिटातून काही बाहेर येत नाही या गृहीतावर विसंबून, ते पाकीट ज्या ब्रेंटवुड टपालकेंद्रातून गेले होते तेथील कामगार सहा दिवस तसेच काम करीत राहिले. त्यांतले दोघे मृत्यू पावले. एकूण बाधित २२ आणि मृत ५, एवढा लहान आकडा. पण जी माहिती एका सरकारी इमारतीत होती ती दुसऱ्या सरकारी इमारतीत नसल्यामुळे टपाल निवडणाऱ्या कामगारांच्या वाट्याला जे आले, ते विसरण्याजोगे नाही. या प्रकरणाला आणखी एक काळी किनार आहे. तपास यंत्रणेने अखेर ज्याच्यावर बोट ठेवले तो संशयित त्याच लष्करी प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ होता. खटल्यापूर्वीच त्याने आत्महत्या केली, आणि केवळ शास्त्रीय पुराव्यावरून निश्चित निष्कर्ष काढता येत नाही असे तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमीने पुढे नमूद केले. तेव्हा लष्कराशी सहकार्य म्हणजे लष्करावर डोळे मिटून विश्वास, असा अर्थ कोणी करू नये. ज्या कपाटात जंतू ठेवलेले असतात त्याच्या किल्लीचा हिशेब कोणीतरी बाहेरच्या माणसाने तपासला पाहिजे.

सहकार्याच्या अभावाची परिसीमा पाहावयाची असेल तर मात्र सोव्हिएत रशियाकडे वळले पाहिजे. स्वेर्डलोव्हस्क, म्हणजे आजचे येकातेरिनबुर्ग, या औद्योगिक नगरीच्या दक्षिण भागात एक लष्करी आवार होते. १९७९ च्या एप्रिलच्या प्रारंभी तेथून अँथ्रॅक्सच्या बीजाणूंचा लोट बाहेर सुटला आणि वाऱ्याच्या दिशेने शहराच्या एका अरुंद पट्ट्यावरून वाहत गेला. त्या पट्ट्यात राहणारी आणि काम करणारी माणसे पुढील काही आठवड्यांत एकामागून एक मुलकी इस्पितळांत येऊ लागली. डॉक्टरांना प्रथम हा फुप्फुसदाह वाटला. रुग्ण इतक्या झपाट्याने का मरतात याचा उलगडा होईना. त्याच शहरात, काही किलोमीटरच्या अंतरावर, या रोगाविषयी जगातील कोणत्याही वैद्यापेक्षा अधिक जाणणारे सैन्याचे तज्ज्ञ बसलेले होते. काय सुटले, केव्हा सुटले, कोणते औषध द्यावे, यांतले काहीही कळविण्यास त्यांना एक निरोप पुरेसा होता. तो निरोप गेला नाही. कमीत कमी ६६ माणसे मेली, शहरापलीकडे जवळजवळ पन्नास किलोमीटरपर्यंतच्या खेड्यांत शेळ्यामेंढ्या मेल्या, आणि सरकारने दूषित मांसाची कहाणी रचून ती जगापुढे मांडली. गुप्त पोलिसांनी इस्पितळांतील दप्तरे जप्त करून नेली.

या अंधारात दोन मुलकी वैद्यांनी जे केले त्याची नोंद घेतल्यावाचून पुढे जाववत नाही. फाइना अब्रामोव्हा या वयस्क शवचिकित्सक बाईंनी आणि त्यांचे तरुण सहकारी लेव्ह ग्रिनबर्ग यांनी मृतांच्या शरीरांतील अवयवांचे नमुने व आपली टिपणे गुपचूप जतन करून ठेवली, आणि एक तपाहून अधिक काळ सांभाळली. सोव्हिएत राज्य विलयाला गेल्यावर, १९९२ साली बोरिस येल्त्सिन यांनी दुर्घटनेचे मूळ लष्करी संशोधनात होते हे मान्य केले. हे गृहस्थ घटनेच्या वेळी त्याच प्रांताचे पक्षप्रमुख होते, हा योगायोग इतिहासाला साजेसाच म्हणावयाचा. त्यानंतर हार्वर्डचे मॅथ्यू मेसेलसन यांच्या पथकाने मृतांच्या घरांचा व कामाच्या जागांचा नकाशा आणि त्या दिवसाच्या वाऱ्याची दिशा यांचा मेळ घालून १९९४ साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्याने वाद कायमचा मिटविला. वाचकाने येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. स्वेर्डलोव्हस्कमध्ये शत्रू नव्हताच. स्वतःच्याच सैन्याने स्वतःच्याच डॉक्टरांपासून लपविलेली माहिती हीच तेथे प्राणघातक ठरली.

आता घरचा दाखला. १८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईच्या मांडवी भागात ग्रंथिक सन्निपाताने, म्हणजे प्लेगने, पाऊल टाकले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथीच्या रोगांचा कायदा संमत केला, आणि पुढे पुण्यास वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखाली जी खास प्लेग समिती नेमण्यात आली, तिची घडण मोठी बोधप्रद आहे. अध्यक्ष सनदी नोकर, एक सभासद लष्करी कर्नल, दुसरा लष्करी शल्यचिकित्सक. कागदावर पाहिले तर मुलकी आणि लष्करी यंत्रणांचा याहून सुबक संगम आजच्या कोणत्याही चर्चासत्रात सुचविला जाणार नाही. घरोघर झडती घेण्यासाठी गोरे शिपाई तैनात झाले. रुग्ण शोधून इस्पितळात हलविणे, संशयितांना विलग ठेवणे, घरे निर्जंतुक करणे, हे सर्व उपाय तत्कालीन वैद्यकाला धरूनच होते. आणि तरीही हा प्रयोग फसला, कारण ज्या शहराचे रक्षण करावयाचे त्याची संमती घेण्याचे कोणाला सुचले नाही. देवघरात आणि माजघरात बुटांनिशी शिरणारे शिपाई, स्त्रियांची होणारी विटंबना, रस्त्यात फेकले जाणारे सामान यांविषयी टिळकांनी ‘केसरी’त जे लिहिले ते सुविख्यात आहे, २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड यांचे काय झाले तेही शाळकरी मुलांना पाठ असते. परंतु रोगप्रतिबंधाच्या दृष्टीने खरी हानी निराळीच होती. झडतीच्या भयाने लोक रोगी लपवू लागले, माळ्यावर आणि अडगळीच्या खोलीत निजवू लागले, गाव सोडून जाऊ लागले. आणि जी माहिती मिळविण्यासाठी शिपाई पाठविले होते तीच माहिती त्या शिपायांमुळे नाहीशी झाली.

त्याच वर्षी, त्याच पुण्यात, मुलकी आणि लष्करी वैद्यकांची भेट दुसऱ्या एका रीतीनेही घडून आली, आणि ती स्मरणात ठेवणारे थोडे. लष्करात डॉक्टर असलेले यशवंत फुले आई सावित्रीबाईंच्या बोलावण्यावरून रजा काढून आले आणि हडपसरच्या बाजूस ससाण्यांच्या माळावर त्यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला. तेथे रोग्यांना आणताआणताच सावित्रीबाईंना लागण झाली व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. विद्या तीच, शिक्षण तेच. पण या डॉक्टराच्या दवाखान्यात लोक येत होते, आणि समितीच्या शिपायांपासून पळत होते. सूत्रे मुलकी हातांत असावीत असे जे आरंभी म्हटले, ते लष्कराविषयी आकस म्हणून नव्हे. गणवेशातली व्यक्ती दारात उभी राहिली की दाराआडचा मनुष्य खरे सांगेनासा होतो, आणि साथीच्या काळात खरे सांगणाऱ्या माणसावाचून कोणत्याही शास्त्राचे काही चालत नाही.

मुलकी आणि लष्करी वैद्यकांत आपल्याकडे पूर्वी भिंत नव्हती, हेही येथे सांगितले पाहिजे. इंडियन मेडिकल सर्व्हिस ही मूळची लष्करी सेवा. जिल्ह्याजिल्ह्यांतले सिव्हिल सर्जन बहुधा याच सेवेतून मुलकी कामासाठी उसने दिलेले असत. परळच्या हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक साहिबसिंग सोखी हे या सेवेतलेच अधिकारी होते. मेजर जनरलच्या हुद्द्यापर्यंत ते चढले, पण त्यांची कर्मभूमी म्हणजे मुलकी लसींची आणि औषधांची प्रयोगशाळा. या व्यवस्थेत गुण होते, तसा एक मूलभूत दोषही होता, आणि तो आजही आपल्याला भोवण्यासारखा आहे. मुलकी कामावरचे हे डॉक्टर लष्कराच्या हिशेबात युद्धकाळची राखीव फौज म्हणून धरलेले असत. पहिले महायुद्ध पेटताच त्यांना मोठ्या संख्येने परत बोलावण्यात आले, आणि १९१८ चा इन्फ्लुएंझा देशावर कोसळला तेव्हा जिल्ह्यांतली इस्पितळे अनुभवी हातांना पारखी झालेली होती. एकाच मनुष्याची दोन याद्यांत गणना केली की कागदावर दोन डॉक्टर दिसतात. प्रत्यक्षात संकट दोन्हीकडे एकदम आले म्हणजे एका यादीवर फुली मारावी लागते. जैविक हल्ला शांततेच्या काळात होईलच अशी हमी कोणी द्यावी? तो युद्धाच्या जोडीने झाला, तर ज्या लष्करी वैद्यकावर आपण भिस्त ठेवणार ते आघाडीवर गुंतलेले असेल. म्हणून जिल्ह्याच्या आराखड्यात अमुक इतके लष्करी डॉक्टर येतील असे लिहिण्यापूर्वी, ते न आल्यास काय, हे रकान्यात भरून घेण्याचा शिरस्ता पडला पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर ही सेवा विसर्जित झाली, १९४८ साली पुण्यात सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय निघाले, आणि दोन्ही वैद्यकांच्या वाटा हळूहळू अलग झाल्या. पुढे १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी ग्रंथिक प्लेग आणि सप्टेंबरात सुरतेस फुप्फुसाचा प्लेग उद्भवला, तेव्हा मुलकी व्यवस्थेची किती हेळसांड झाली होती हे उघड्यावर आले. हा रोग प्लेगच की दुसरा कोणता, यावरच तज्ज्ञांचा काथ्याकूट चालू राहिला. सुरतेतील अनेक खाजगी डॉक्टरांनी दवाखान्यांना कुलपे लावून गाव सोडले. लाखो लोक मिळेल त्या गाडीने पांगले, आणि परदेशांनी आपली विमाने थांबविली. मृतांची संख्या पन्नासच्या आसपास, म्हणजे मोठ्या अपघाताएवढी. परंतु निश्चित निदान वेळेत न मिळाल्यामुळे उडालेल्या घबराटीने केलेले नुकसान रोगाच्या नुकसानाहून कितीतरी पट होते. हा हल्ला नव्हता. हल्ला करणारा मात्र अशा प्रसंगांकडे लक्षपूर्वक पाहत असतो, एवढे म्हणण्यास हरकत नाही.

त्यानंतर कागद पुष्कळ झाले, आणि ते सर्वच टाकाऊ नाहीत. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००८ साली जैविक आपत्तींविषयी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. ती सिद्ध करणाऱ्या गटाचे नेतृत्व लेफ्टनंट जनरल जे. आर. भारद्वाज या सैन्याच्या वैद्यकीय सेवेतून आलेल्या तज्ज्ञाकडे होते, आणि जैविक आपत्तीसाठी प्रमुख खाते आरोग्य मंत्रालय हेच राहील, हे तत्त्व त्यात आहे. तत्त्व योग्य आहे. अडचण खालच्या पायरीवर आहे. सार्वजनिक आरोग्य हा राज्यघटनेने राज्यांकडे सोपविलेला विषय, संरक्षण हा केंद्राचा, आणि साथ एका राज्यातून दुसऱ्यात जाऊ न देणे हा समवर्ती सूचीतला. याचा व्यवहारातला अर्थ असा की सैन्याचा तज्ज्ञ आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांना जोडणारी अधिकृत वाट दिल्ली आणि मुंबई अशी दोन राजधान्यांची प्रदक्षिणा घालून येते. कायद्यान्वये जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, त्यात पोलीस अधीक्षक आणि जिल्ह्याचे मुख्य वैद्यकीय अधिकारी असतात; लष्करी वैद्यकाच्या प्रतिनिधीस मात्र त्यात ठरलेली जागा नाही. मागणी आल्यास सैन्य धावून येते, आणि उत्तम काम करते, याचा प्रत्यय कोरोनाच्या काळात साऱ्या देशाने घेतला: नौदलाची जहाजे परदेशी अडकलेल्यांना घेऊन आली, हवाई दलाच्या विमानांनी प्राणवायूच्या रिकाम्या टाक्या वाहून नेल्या, २०२१ च्या एप्रिलात नुकत्याच निवृत्त झालेल्या लष्करी डॉक्टरांना पुन्हा पाचारण करण्यात आले. परंतु महिनोन्महिने चालणाऱ्या साथीत ओळखी वाढवायला अवधी मिळतो. हल्ल्यात तो मिळत नाही. प्लेग किंवा अँथ्रॅक्स यांवरची औषधे दुर्मीळ नाहीत, साध्या दुकानांतून मिळणारी आहेत. ती लवकर दिली तर रुग्ण वाचतो आणि उशिरा दिली तर बहुधा वाचत नाही.

लष्करी रहस्यांचा प्रश्न येथे कोणीतरी उपस्थित करीलच. सैन्याने आपली गुपिते दर तालुक्याच्या डॉक्टराला सांगावीत काय, असे विचारले जाईल. उत्तर इतकेच की डॉक्टराला ती गुपिते नकोच आहेत. ही वार्ता कोणत्या हेराने आणली, कोणत्या गटावर संशय आहे, आपल्याजवळ ओळखण्याची कोणती साधने आहेत, हे झाकून ठेवण्यास सैन्याला पूर्ण मुभा असावी. रोग कोणता असू शकतो, तो माणसापासून माणसाला लागतो की नाही, आणि कोणते औषध आजच सुरू करावे, या तीन गोष्टी झाकून ठेवण्याची मुभा कोणालाही नसावी. पहिल्या प्रकारची माहिती सांगितल्याने राज्याचे नुकसान होते हे खरे. पण दुसऱ्या प्रकारची माहिती दडविल्याने राज्य वाचले असा दाखला शोधूनही सापडत नाही. स्वेर्डलोव्हस्क येथे जे दडविले ते शत्रूराष्ट्रांच्या कानावर वर्षभरात गेले होते. ज्यांना कळले नाही ते त्या शहरातले रहिवासी.

आरंभ कोठून करावा याचे उत्तर पुण्याइतके सोयीचे दुसऱ्या कोणत्या शहरात मिळेल असे वाटत नाही. वानवडीला सैन्याचे कमांड इस्पितळ आणि वैद्यकीय महाविद्यालय. दापोडीच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात आण्विक, जैविक व रासायनिक संरक्षणाचे प्रशिक्षण. पाषाणला राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था आणि तिची सर्वोच्च सुरक्षेची प्रयोगशाळा. सुदुंबऱ्याला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी. आणि मुलकी बाजूस ससून, महापालिकेचे नायडू इस्पितळ, जिल्हा परिषदेची आरोग्य केंद्रे. लांबची आरोग्य केंद्रे सोडली तर यांतील कोणत्याही दोन संस्थांमध्ये तासा-दोन तासांहून अधिक अंतर नाही, आणि तेही रहदारी धरून. सैन्याच्या महाविद्यालयाचे आणि ससूनला जोडलेल्या बी. जे. महाविद्यालयाचे विद्यार्थी पदवी घेतात ती एकाच, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. छावणी मंडळे तर लष्करी अध्यक्षाखाली मुलकी रहिवाशांची इस्पितळे चालविण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या करीत आली आहेत. दोन्ही वैद्यकांना एकत्र नांदविण्याचा एवढा जुना अनुभव गाठीशी असता त्याचा उपयोग न करणे हे मोठेच करंटेपण.

तेव्हा सुचवावेसे वाटते ते असे. ज्या जिल्ह्यात छावणी आहे तेथील प्राधिकरणाच्या बैठकीस लष्करी वैद्यकीय अधिकाऱ्याला नावानिशी आणि कायमचे आमंत्रण असावे. तो तेथे हुकूम देण्यासाठी बसणार नाही, ओळख ठेवण्यासाठी बसेल. मुलकी डॉक्टराने धाडलेला संशयास्पद नमुना कोणत्याही शासकीय प्रयोगशाळेने, मग ती ग्वाल्हेरची संरक्षण संशोधन संस्था असो वा पाषाणची विषाणू संस्था, तपासला की त्याचा प्राथमिक निष्कर्ष त्या डॉक्टराला आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला थेट कळविणे हे कर्तव्य लेखी असावे, वरिष्ठांच्या मंजुरीची वाट पाहणारे नसावे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यालाही या साखळीत जागा हवी, कारण अँथ्रॅक्ससारखे रोग मेंढपाळाच्या कळपात माणसांबरोबरच, कधी आधीही, दिसू शकतात, आणि मेंढ्या का मेल्या हे विचारणारा एकटा तोच असतो.

आणि वर्षातून एकदा तालीम व्हावी. अमेरिकेने मे २००० मध्ये डेन्व्हर शहरावर प्लेगचा हल्ला झाल्याची कल्पना करून अशी तालीम घेतली, तेव्हा खाटा, औषधे आणि निर्णय हे तिन्ही किती लवकर अपुरे पडतात ते कोणाचाही जीव न जाता कळले. आपल्याकडच्या तालमींत बहुधा शिट्ट्या वाजतात, स्ट्रेचर धावतात, छायाचित्रे निघतात आणि सायंकाळी चहापान होऊन सर्व सुखरूप घरी जातात. पुण्यातली तालीम अशी असू नये. तिचा आरंभ सायरनने न होता, आगाऊ वर्दी न देता, ससूनच्या बाह्यरुग्ण विभागात तापाची तक्रार घेऊन आलेल्या एका शिकविलेल्या रुग्णाने व्हावा. रात्रपाळीच्या डॉक्टरापासून सैन्याच्या तज्ज्ञापर्यंत शंका किती वेळात गेली आणि उत्तर किती वेळात परत आले, तेवढेच घड्याळ लावून मोजावे. आणि कोणता दूरध्वनी कोणी उचलला नाही, कोणता कागद कोणत्या मेजावर अडला, यासह सारा अहवाल एका महिन्याच्या आत मराठीत छापून विकत मिळेल अशी तजवीज जिल्हाधिकाऱ्यांनी करावी.